माझ्या नवऱ्याच्या निरोपाची जेवणं

“तिथं रस्त्यावर कुणी थुंकत नाही, मामा. एक माणूस नाही!” असं म्हणून माझ्या नवऱ्यानं, सुकुमारांनी, हातातला पुरणपोळीचा घास तसाच हवेत धरला.

सुकुमारांचे मामा जयसिंगपूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. भिंतीवर थुंकू नका म्हणून पोरांना सांगण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांना हे कारण तिथल्या तिथं पटलं.

“शिस्त पायजे माणसाला,” ते म्हणाले. “जावा तुम्ही. इथं काय ठेवलंय?”

“स्वच्छतेसाठीच चाललोय म्हणा ना,” सुकुमार म्हणाले आणि तो घास एकदाचा तोंडात गेला.

मी ताटातल्या कटाच्या आमटीकडं बघत राहिले. आदल्या रविवारी कुपवाडला वकीलकाकांकडं जेवलो, तेव्हा आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी चाललो होतो. त्याआधी बुधगावला शुद्ध हवेसाठी चाललो होतो, कारण त्या घरात सगळ्यांना दमा होता. सुकुमारांना दमा नाही. पण यजमानांना जे दुखत असेल तेच आमच्या परदेशी जाण्याचं कारण व्हायचं.

“त्रिशला, नशीब काढलंस बाई,” मामी माझ्या पानात आणखी एक पोळी टाकत म्हणाल्या. “कुणाचा नवरा बायकोला असा आयर्लंडला घेऊन जातोय? पुण्य लागतं त्याला. घे, तूप घे. तिथं कोण वाढणाराय तुला?”

मी तूप घेतलं. आता खरं काय ते सांगते. आयर्लंडची नोकरी मला लागली होती.

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत नर्स होते. इंग्रजीची परीक्षा, तिथल्या नर्सिंग मंडळाची मान्यता, मुलाखती, असं सगळं करण्यात माझी दोन वर्षं गेली. वाचायचं ते चहाच्या सुट्टीत आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना. त्या दोन वर्षांत सुकुमारांनी माझ्या खटपटीत फारसं लक्ष घातलं नव्हतं. “हौस आहे तर कर,” एवढंच त्यांचं म्हणणं. ते एका पतसंस्थेत उपव्यवस्थापक होते, आणि त्या संस्थेचे चेअरमन होते माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्माक्काचे यजमान, धनपाल चौगुले. घरात साडू आणि ऑफिसात साहेब. सुकुमारांना तेच वर्षानुवर्षं पचत नव्हतं. मग व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली. ती आपल्यालाच मिळणार म्हणून सुकुमारांनी नवी सफारी शिवून घेतली, आणि दाजींनी ती जागा दिली स्वतःच्या पुतण्याला.

त्या दिवशी घरी आल्यावर सुकुमारांनी मला पहिल्यांदा विचारलं, “तुझं ते आयर्लंडचं कुठवर आलं?”

महिनाभरात माझं नेमणुकीचं पत्र आलं, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या सांगलीत झालं की सुकुमार मगदूम आयर्लंडला चालले. ‘मला बोलावलंय’ असं खोटं त्यांनी कुणाला सांगितलं असंही नाही. ते म्हणायचे, “आम्हाला तिकडून बोलावणं आलंय.” ‘आम्हाला’ म्हटलं की ऐकणारा आपणहून पुरुषाकडं बघतो. त्यात सुकुमारांचा काय दोष?

आमच्याकडं लग्न ठरलं की नवऱ्यामुलाला केळवणाला बोलवायची पद्धत आहे. माणूस परदेशी निघाला तरी लोक तेच करतात, फक्त त्याला निरोपाचं जेवण म्हणतात. शिवाय आम्ही जैन. घरात एखादं जरी जुनं माणूस असलं तरी संध्याकाळचं जेवण, आमच्यात त्याला अंथऊ म्हणतात, दिवस मावळायच्या आत उरकावं लागतं. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्ती, या बाबतीत इतक्या काटेकोर, की ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की त्यांचं ताट पुसून ठेवलेलं असायचं. त्यामुळं निरोपाची जेवणं सगळी रविवारी नाहीतर चार-साडेचारला. मी ड्युटीवरून धावत येऊन साडी बदलायची आणि स्कूटरवर बसायचं. एकेका दिवशी दोन-दोन घरं. परदेशी जायच्या आधीच मला ब्लाउज उसवून घ्यावे लागले.

त्या दिवशी मामांच्या घरी जेवताना आत्तींनी एक प्रश्न विचारला होता. “सुकुमार, तिथं दिवस कधी मावळतो रे?”

“उन्हाळ्यात रात्री दहाला, आई!” सुकुमार उत्साहानं म्हणाले. “बघ की. आपल्या धर्माला किती सोयीचा देश. दहापर्यंत जेव तू खुशाल.”

“आणि थंडीत?”

“थंडीत जरा लवकर.”

“म्हणजे कधी?”

“चारला,” मी म्हटलं.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. “मग ड्युटीवरनं आल्यावर तू जेवणार कधी?”

मामा हसले, मामी हसल्या, सुकुमार म्हणाले, आई, तिथं काय सगळं ॲडजस्ट होतं. आत्ती हसल्या नाहीत. सगळ्या जेवणांमध्ये मिळून मला कुणी विचारलेला कामाचा प्रश्न तेवढाच.

*

मला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती लिसीमुळं. लिसी आमच्या हॉस्पिटलातली जुनी सिस्टर, कोट्टायमची, पाच-सहा वर्षांपूर्वी आयर्लंडला गेलेली. मराठी बोलायची ती मिरजेची, फाडफाड. तिनं फोनवर मला तिथलं सगळं नीट सांगितलं होतं. घर लहान मिळतं. पाऊस सारखा. आधी पुन्हा एक परीक्षा, मग पक्की नोकरी. भांडी आपणच घासायची, गटार तुंबलं तरी आपणच.

“ते सगळं सोसतं गं,” ती म्हणाली. “बाईमाणूस कामाला जातं, तिथं तिला नाव असतं, ओळख असते. नवऱ्याचं बघ. पहिलं वर्षभर तो घरात. पोरीला शाळेत सोडायचं, भात लावायचा, खिडकीतून बघायचं. माझा जोसेफ इंजिनिअर. त्यानं दुकानात रात्रपाळीला खोकी लावली. पण त्याला मी निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या शेजारणीनं सांगितलं नव्हतं. तिचा नवरा चार महिन्यांत असा कडू झाला, की शेवटी तिला राजीनामा द्यायला लावून परत घेऊन गेला. तुझ्या माणसाला आधी सांग, त्रिशला. विमानात बसल्यावर सांगू नको.”

म्हणून मी सांगत होते. रोज सांगत होते. आत्तींना आणि पोरीला मामांकडं मुक्कामाला ठेवून आम्ही दोघं स्कूटरवर निघालो, तेव्हा अंकलीच्या पुलावर वारा लागला आणि सुकुमार खुशीत दिसले, म्हणून मी परत विषय काढला.

“अहो, तिथं गेल्यावर सुरुवातीला तुम्हाला घरी बसावं लागेल.”

“घरी कशाला? मी फायनान्समधला माणूस. पंधरा वर्षं कर्जवसुली केलीय.”

“तिथली कर्जं वेगळी. लिसीचा नवरा तर इंजिनिअर होता...”

“लिसीच्या नवऱ्याचं मला सांगू नको. माणसामाणसात फरक असतो,” ते म्हणाले. मग जरा मागं मान वळवून, “दाजींकडचं जेवण रविवारी ठरलंय. मांडव घालणार आहेत म्हणे. फ्लेक्स लावलाय आपल्या चौकात. बघितलास?”

“नाही.”

“बघ जाताना. बघूनच जाऊ.”

आम्ही वाट वाकडी करून चौकात गेलो. फ्लेक्स खरंच भला मोठा होता. वरती ‘मा. सुकुमार मगदूम यांना परदेशगमनाच्या हार्दिक शुभेच्छा’, मध्ये सुकुमारांचा नव्या सफारीतला फोटो, त्यांच्या डोक्यावरून जाणारं विमान आणि पाठीमागं आयफेल टॉवर. आयर्लंडचं काय चित्र लावायचं हे छापणाऱ्याला सुचलं नसावं. खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग होती. पहिला दाजींचा, मग संचालक मंडळाचा, मग दाजींच्या पुतण्याचा, आणि अगदी टोकाला एक फोटो, खाली नाव ‘सौ. त्रिशला सुकुमार मगदूम’. माझ्या नवऱ्याच्या परदेशगमनाला माझ्याही शुभेच्छा होत्या.

“पद्माक्कानं दिला असेल फोटो,” सुकुमार जरा चाचरत म्हणाले. “तुझा पण घेतलाय, बघ की.”

मला हसू आलं. मी त्यांच्यावर चिडले होते, खूप चिडले होते, पण फ्लेक्सकडं बघणारा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढा आनंदलेला माणूस मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. त्या एका फोटोसाठी हा माणूस बायकोमागून समुद्र ओलांडायला तयार झाला होता, आणि फोटो तर समुद्राच्या अलीकडंच लागला होता. मला पहिल्यांदा शंका आली की यांना जायचं आहे का.

*

दाजींच्या बंगल्यावर रविवारी मांडव होता, खुर्च्या होत्या, व्यासपीठ होतं, आणि माइक होता. माइक होता तिथंच घोटाळा झाला. समोर अख्खी पतसंस्था, दोन्हीकडचे पाहुणे आणि बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, मंडळी. मागच्या बाजूला बासुंदी, मसालेभात, भरली वांगी तयार होऊन झाकून ठेवलेली. ज्या समाजाला सूर्य मावळायच्या आत जेवायचंय, त्यानं दुपारी चारला भाषणं सुरू करू नयेत. पण सत्कार म्हटला की आमच्या लोकांना कशाचंच भान राहत नाही.

सुकुमारांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मी बायकांच्या खुर्च्यांत आत्तींच्या शेजारी बसले होते. मांडीवर चेलना, आमची मुलगी, पेंगायला लागली होती. मामा बोलले, शिस्तीवर. वकीलकाका बोलले, शिक्षणावर. बुधगावचे पाहुणे हवेवर बोलले. प्रत्येकानं आपल्याला सांगितलेलं कारण माइकवरून सांगितलं, आणि एकूण ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसानं सांगलीत राहून आजवर केवढे हाल सोसले.

आत्ती मांडवाच्या कडेतून पाण्याच्या टाकीकडं बघत होत्या. सूर्य टाकीला टेकायला आला होता. “पानं मांडायला सांग की गं,” त्या पद्माक्काला म्हणाल्या.

“ह्यांचं झालं की लगेच, आत्ती. ह्यांचं शेवटचंच आहे.”

दाजी उठले. दाजींचा आवाज माइक नसला तरी चौकापर्यंत जातो. त्यांनी आधी स्वतःचं लहानपण सांगितलं, मग संस्थेची वाटचाल, आणि टाकीच्या वरचा सूर्य टाकीच्या आड गेल्यावर ते मुद्द्यावर आले.

“सुकुमारराव आज चाललेत,” दाजी म्हणाले. “आनंद आहे. पण मी आज मनातलं बोलणार. माझा पुतण्या पुण्याला चाललाय, त्याला मोठ्या बँकेत संधी आलीय. व्यवस्थापकाची खुर्ची रिकामी होतीय. मी रात्रभर विचार केला. आपलंच सोनं आपण परक्या देशाला का द्यायचं? सुकुमारराव, मी सगळ्यांच्या साक्षीनं शब्द टाकतो. जाऊ नका. ती खुर्ची तुमची.”

टाळ्या पडल्या. सुकुमार फेट्यासकट उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघत होते, आणि मला तेव्हाच सगळं कळलं. त्यांचे डोळे भरून आले होते. गेले दोन महिने ते घरोघरी जाऊन वेगवेगळी कारणं सांगत होते, आणि खरं कारण एवढंच होतं, की दाजींनी कधीतरी चार माणसांत उठून म्हणावं, जाऊ नका.

त्यांनी माइक हातात घेतला.

“दाजी,” ते म्हणाले. “आपण शब्द टाकलात. तो मी मोडू शकत नाही. परदेशात पैसा असेल, सोयी असतील. पण आपली माणसं कुठून आणायची? थंडीत तिथं चारला सूर्य मावळतो. माझ्या आईनं जेवायचं कधी? या मातीनं मला वाढवलं. मी... आम्ही कुठंही जात नाही!”

मांडव दणाणला. निवेदकानं लगेच जाहीर केलं की निरोप समारंभ आता आपण सत्कार समारंभ समजून पुढं चालू ठेवू. शाल तीच, नारळ तोच. कुणाला काही अडलं नाही. पद्माक्का माझ्या गळ्यात पडली. “बरं झालं बाई. परक्या मुलखात एकटीनं काय केलं असतंस? आता मॅनेजरीणबाई!”

मी चेलनाला आत्तींच्या मांडीवर दिलं आणि उभी राहिले. मला भाषण करता येत नाही. पण आयसीयूत जमत नाही म्हणून काम थांबवता येत नाही, ती सवय असल्यामुळं असेल, मी व्यासपीठापर्यंत गेले.

“अहो,” मी सुकुमारांना म्हटलं, “मॅनेजर झालात, चांगलं झालं. मनापासून सांगते. पण मी जाणार आहे.”

माइक त्यांच्या हातात होता. त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“आता कशाला, त्रिशला?” दाजी हसत म्हणाले. “आता सगळं इथंच मिळालं की.”

“ह्यांना मिळालं, दाजी. माझी नोकरी तिकडंच आहे.”

“तुझी नोकरी? तुझी कसली?”

“आयर्लंडला मला बोलावलंय. तिथल्या हॉस्पिटलात. हे माझ्याबरोबर येणार होते.”

मामा पहिल्या रांगेत होते. मुख्याध्यापकाला वाक्य पुरतं कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही. “म्हणजे सुकुमार,” ते मोठ्यानं म्हणाले, “तू बायकोच्या नोकरीवर निघाला होतास?”

सुकुमार डोक्यावरचा फेटा सारखा करायला लागले. दाजींनी व्यासपीठामागं लावलेल्या तसल्याच फ्लेक्सकडं बघितलं, जणू तिथं काही खुलासा छापला असेल. तेवढ्यात आचारी मागून आला आणि दाजींच्या कानाशी, पण माइकच्याही जवळ, म्हणाला, “साहेब, पानं घ्यू काय?”

“दिवस बुडाला,” आत्ती म्हणाल्या.

खरंच बुडाला होता. टाकीच्या मागं नुसती तांबूस रेघ राहिली होती. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. ज्येष्ठ मंडळींनी हात धुण्यासाठी वर केलेल्या बाह्या परत खाली केल्या. ज्यांना रात्रीचं चालत होतं त्यांनाही आता सगळ्यांदेखत जेवायला बसवेना. भरल्या मांडवात, बासुंदीचा वास घेत, अख्खा समाज उपाशी बसला. पद्माक्का रडायला लागली. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

आत्ती चेलनाला खांद्यावर टाकून माझ्यापर्यंत चालत आल्या. सगळ्यांना वाटलं, सासू आता हिला बोलणार. मलाही तेच वाटलं.

“तू कशाला चाललीस गं?” त्यांनी विचारलं. “ह्याचं मी लई ऐकलं. तुझं सांग.”

दोन महिने एवढी जेवणं झाली, आणि मला हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तयार नव्हतं, म्हणून जे होतं तेच बाहेर आलं.

“आत्ती, इथं माझ्याकडं एका वेळी आठ-आठ पेशंट असतात. सगळे अत्यवस्थ. मागं एक म्हातारी गेली. गेल्यावर मी तिचं तोंड पुसलं आणि माझ्या लक्षात आलं, की ही माणूस होती, आणि मी दोन दिवसांत हिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिथं आयसीयूत नर्सकडं एकच पेशंट देतात. मला एकदा तसं नीट काम करून बघायचंय. बाकी तिथं काही चांगलं असेल असं मला वाटत नाही. पाऊस असतो म्हणे.”

आत्तींनी चेलनाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“मग जा,” त्या म्हणाल्या. “पोरगी राहू दे माझ्याजवळ, तुझं बस्तान बसेपर्यंत.” मग मुलाकडं बघून, “हा बी ऱ्हाऊ दे.”

*

घरी जाताना आम्ही स्कूटरवर दोघंच होतो. आत्ती आणि चेलना मामांच्या गाडीतून पुढं गेल्या होत्या. सुकुमारांनी फेटा काढून पुढं पायाशी ठेवला होता.

“सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?” ते म्हणाले.

“एकट्यात दोन महिने सांगत होते.”

चौक आला. फ्लेक्सवर आता उजेड सोडला होता आणि सफारीतले सुकुमार विमानाखाली हसत होते. त्यांनी स्कूटर थांबवली नाही.

“मी खरंच आलो असतो तर तिथं कोण असतो मी?” त्यांनी विचारलं. या वेळी ते भांडणासाठी विचारत नव्हते.

“वर्षभर तरी कुणी नाही. चेलनाचे बाबा. माझे नवरे. स्वयंपाक करणारे.”

“आणि मग?”

“मग मिळेल ते काम. खोकीसुद्धा लावावी लागतील.”

“मला नाही जमायचं ते,” ते म्हणाले.

इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोलले होते. मला रडू आलं, पण बरंही वाटलं. घर येईपर्यंत मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून बसले.

मी ठरलेल्या दिवशी गेले. मला सोडायला फ्लेक्स नव्हता. आत्तींनी दशम्या बांधून दिल्या आणि सुकुमारांनी मुंबईपर्यंत येऊन बॅगा उचलल्या. पाऊस लिसीनं सांगितला त्याहून जास्त होता. परीक्षा पास झाले. आयसीयूत माझ्याकडं एकच पेशंट असायचा, आणि पहिल्या महिन्यात त्यातल्या एका आजोबांचं सगळं आयुष्य मी ऐकून घेतलं. चेलनाची आठवण येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही मी येताना धरूनच आले होते.

व्यवस्थापक झाल्यावर सहाएक महिन्यांनी सुकुमारांचा फोन आला. ते इकडं यायचं म्हणत होते. खुर्ची नावाची आहे, सह्या अजून दाजींच्याच लागतात, या गावात गुणांची कदर नाही, असं ते बराच वेळ बोलले.

“दाजींना दाखवायला येत असाल तर येऊ नका,” मी म्हटलं. “इथून दाजींना काहीच दिसत नाही.”

त्यांनी फोन ठेवला. काही आठवडे ते फक्त चेलनाला फोन लावून देत आणि स्वतः बोलत नसत. मग एकदा चेलनाचं बोलणं संपल्यावर फोन बंद झाला नाही.

“चेलनाला पाठवायचंय ना तुझ्याकडं?” ते म्हणाले.

“हो. आता घर मिळालंय.”

“घरात करमायचं नाही मग. आत्ताच करमत नाही.” मग म्हणाले, “मला चपात्या येतात आता. आईनं शिकवल्या. गोल नाही होत.”

“गोल कशाला पायजेत?” मी म्हटलं.

ते आणि चेलना आले त्या सकाळी मी ड्युटी बदलून विमानतळावर गेले होते. इतर प्रवासी बाहेर पडले तरी हे दोघं दिसेनात. शेवटी आले. चेलना धावत येऊन बिलगली. सुकुमार मागून बॅगांची गाडी ढकलत आले, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“काय झालं? अडवलं का?”

“अडवलं नाही. कशासाठी आलात म्हणून विचारलं त्या काचेमागच्या माणसानं. मी विमानात सगळं पाठ केलं होतं, इंग्रजीत. अनुभव, फायनान्स, संधी, सगळं. तो नुसता बघत राहिला माझ्याकडं, आणि मी सगळं विसरलो.”

“मग काय सांगितलंत?”

“माय वाइफ इज हिअर,” ते म्हणाले. “तेवढंच आठवलं बघ.”

“आणि तो काय म्हणाला?”

“काही नाही. शिक्का मारला.”